माफी परत न्यायला आले आहे

२४ नोव्हेंबर, नागिउरा

मुरोई बाई,

या पत्रात ऋतूबद्दलचं वाक्य नाही. पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी, समोरच्याला आधी खिडकीतून बाहेर बघू द्यावं आणि मग कामाचं बोलावं, हे सातवीत आम्हाला तुम्हीच शिकवलंत. इतकी वर्षं मी ते पाळलं. नगरपालिकेला तुंबलेल्या गटाराची तक्रार लिहिली तेव्हाही आधी प्लमच्या कळ्यांबद्दल लिहिलं होतं. आज लिहिणार नाही. आज तुम्ही सरळ आत या.

सकाळी वाचनालयात कामाला निघाले होते. हाचियाकाका सलूनची काच पुसत होते. मला बघून म्हणाले, "चिझुरू, वडी फार छान होती हं. एवढं करायची खरं तर गरज नव्हती."

"कुठली वडी?"

"अगं, योकानची. मुरोई बाई घेऊन आल्या होत्या ना, तुझ्या वतीने."

मी त्यांना थँक्यू म्हटलं आणि वर वाकलेसुद्धा. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मला कळलंच नाही की मी कशाबद्दल वाकले.

तर तुम्ही वस्तीमंडळाच्या समितीतल्या प्रत्येक घरी गेलात. प्रत्येक दारात चपला काढायच्या जागेवर उभ्या राहून कमरेत वाकलात आणि म्हणालात की चिझुरूच्या हातून आगळीक झाली, तिला माफ करा. लाल चवळीची घट्ट गोड वडी, योकानच निवडलीत, कारण माफीचा खाऊ हाताला जड लागावा, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार! आणि लगेच मुलीच्या बाळंतपणासाठी नागोयाची गाडी पकडलीत. मला एक शब्द न सांगता.

सॉरी कोण म्हणालं, बाई? मी तर म्हणाले नव्हते.

त्या प्रशिक्षणासाठी माझं नाव पाठवलं कुणी? मी अर्जसुद्धा आणला नव्हता. तुम्हीच वाचनालयात येऊन टेबलावर कागद ठेवलात आणि म्हणालात, "समाजात काही बदलू बघणाऱ्या जपानी बायकांना महिनाभर अमेरिकेत नेऊन पुढारीपण शिकवतात. तू जा." मी म्हटलं, मी कसली पुढारी? तुम्ही शिफारशीत लिहिलंत, 'ही गप्प बसते, पण विसरत नाही.' त्या ओळीसाठी मी तुमचे पाय धरायला तयार होते.

मग मी गेले, शिकले, परत आले. सगळ्यांना चॉकलेटं वाटली, कुणाचं घर चुकवलं नाही. आणि मंडळाच्या नोव्हेंबरच्या बैठकीत, शेवटी अध्यक्षांनी 'इतर काही?' विचारल्यावर, उभी राहिले. काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंतच, तुम्ही भिंतीपाशी बसला होतात. पुढच्या भूकंपात शाळेच्या व्यायामगृहात पुन्हा निवारा उघडेल तेव्हा त्याच्या कारभारात बायका असाव्यात. कपडे बदलायला, अंगावर पाजायला पडदे असावेत. बायकांना लागणाऱ्या वस्तू बायकांच्या ताब्यात असाव्यात. एवढंच. आणि का, तेही सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात सॅनिटरी पॅडचं खोकं अध्यक्षांच्या टेबलावर होतं. एका मुलीला ब्लँकेटच्या रांगेत उभं राहून, पुरुषांच्या देखत, ते मागावं लागलं. अध्यक्ष योनेकुरा यांनी एक काढून दिलं आणि विचारलं, "एक पुरेल ना?"

योनेकुरासान म्हणाले, "फारच बोधप्रद. अभ्यास करू." आमच्या वस्तीत 'अभ्यास करू' म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्यात खोटं काय होतं? उद्धट काय होतं? मला उत्तर हवं आहे.

चिझुरू


१ डिसेंबर

बाई,

उत्तर नाही. बाळंतपणाच्या घरात धावपळ असते, हे मला समजतं. पण सलूनवाल्याकडे जायला वेळ होता आणि मला चार ओळी लिहायला नाही, हे समजत नाही.

नवऱ्याला विचारलं, तोमोहिसाला. तो वर्कशॉपमधून येऊन नळावर हात धूत होता.

"बाई घरोघर गेल्या, तुला माहीत होतं?"

तो साबण लावत राहिला. त्याच्या हाताचं इंजिनतेल एका साबणात कधी जात नाही. पण इतका वेळही लागत नाही.

"पिशवी जड होती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे बाईंना एकटीला उचलवत नव्हती."

"तू बरोबर होतास!"

"आत नाही गेलो. दाराबाहेर थांबलो."

"किती मोठं मन!"

"चिझुरू, या माणसांच्याच होड्या दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. बाई म्हणाल्या, आत्ताच बर्फ फोडला तर फुटेल, नंतर फुटणार नाही. मला ते पटलं. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"बरोबर. म्हणूनच सांगायला हवं होतं."

जेवताना मिनोरीने आम्हा आईबापांकडे पाहिलं, भात संपवला आणि खोलीत गेली.

मी तुमच्यावर अन्याय करत नाही ना, हे मी रोज तपासते. त्या बैठकीच्या दिवशीची रोजनिशी काढून वाचली. त्यात लिहिलं आहे : 'पाय थरथरत नव्हते.' मला त्याचाच आनंद झाला होता! अध्यक्षांचा चेहरा कसा झाला, ते लिहिलेलंच नाही. म्हणजे पाहिलंच नसेल.

सिएटलला आमची प्रशिक्षक कोरीन नावाची होती. पहिल्याच सकाळी तिने नियम केला : कुणीही 'सॉरी' म्हटलं की बाकीच्यांनी टेबलावर टकटक करायची. आम्ही सगळ्या जपानी बायका. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती खोली सुतारशाळेसारखी वाजत होती. कुणी पेन उसनं मागितलं, टकटक. कुणी शिंकलं, टकटक. हसून हसून पोट दुखलं. पण महिना संपेपर्यंत टकटक थांबली. मला वाटलं, मी काहीतरी मिळवलं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीने आपल्या गावात करायचं भाषण तिथे करून दाखवलं. माझ्या भाषणाला सगळे उठून उभे राहिले. कोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुझा आवाज हीच तुझी ताकद आहे. मी नुसतं नाव सांगितलं तेव्हाही ती टाळ्या वाजवत होती, हे मी तेव्हा विसरले. तिने हे विचारलं नाही की भाषणाआधी तू कुणाकुणाच्या घरी जाणार आहेस. तिला कसं सुचणार? पण मला सुचायला हवं होतं. झाड हलवायचं तर आधी मुळांभोवतीची माती मोकळी करावी, बैठकीत मांडायची गोष्ट आधी दारोदार जाऊन कानावर घालावी, हे इथे बालवाडीतल्या पोरांनाही माहीत असतं. मी एका दारात गेले नाही. सरळ कुऱ्हाड घेऊन उभी राहिले.

ही माझी चूक, मी मान्य करते. पण माझ्या चुकीची दुरुस्ती तुम्ही परस्पर कशी केलीत? आणि चूक होती ती पद्धतीत. तुम्ही माफी मागितलीत ती सगळ्याचीच. पडद्यांचीसुद्धा.

माझ्याबरोबर ओकिनावाच्या ओशिरोसान होत्या, एकट्या आयांसाठी काम करतात. विमानतळावर त्या म्हणाल्या, "इथे उभं कसं राहायचं ते शिकवलं. परत गेल्यावर बसायचं कुठे, ते कोण शिकवणार?" मी तेव्हा हसले होते.

काल मासळीच्या लिलावापाशी योनेकुरासान भेटले. खुशीत होते.

"झालं गेलं आम्ही विसरलो बरं का. बाई येऊन गेल्या. अमेरिकेची चॉकलेटं गोड होती, भाषण तेवढं कडू निघालं. चालायचंच, तू अजून तरुण आहेस."

"मी चव्वेचाळीसची आहे."

"तेच म्हणतोय मी. आणि तुझं बोलणं वाया गेलेलं नाही. आपत्ती समितीत एक बाईमाणूस घ्यायचं ठरवलंय. वर्षअखेरच्या सभेत जाहीर करू. मुरोई बाईंचं नाव घातलंय. सगळ्यांना चालण्यासारखं आहे."

सगळ्यांना चालण्यासारखं! ज्या बाईने वाकून दाखवलं, तिला खुर्ची. यात मला काही बोलायचं नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं ठरेल. मला काल रात्री जेवण गेलं नाही.

तुम्ही नकार द्या, बाई. माझं एवढंच मागणं आहे. सभा वीस तारखेला आहे. समितीत बसेल ती मी नसले तरी चालेल. पण जिने पडद्यांबद्दल माफी मागितली ती बसली, तर पडदे कधीच लागणार नाहीत. या वस्तीत पुढचा भूकंप कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. त्यांचा अभ्यास होईपर्यंत तो थांबणार नाही.

चिझुरू


८ डिसेंबर

बाई,

तुम्ही लिहीत नाही म्हणून मीच माझा मार्ग काढला. तुमच्या कानावर गेलं असेलच. गेलं नसेल तर माझ्याकडून ऐका. मी माफी परत आणायला निघाले आहे.

मी खरंच तशी गेले. रविवारी दुपारी, रिकामी पिशवी घेऊन. आधी सलून. हाचियाकाकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, "माझ्या नावाने एक योकान तुमच्याकडे आली आहे. ती मी पाठवली नव्हती. मी ती माफी परत न्यायला आले आहे."

काकू बघतच राहिल्या. "अगं, खाल्लेली वडी परत कशी देणार?"

आतून त्यांची सून सायो खो खो हसली. "सासूबाई, मामंजींनी खाल्ली ना, त्यांनाच पाठवा पिशवीत घालून!"

"तू गप्प गं."

"मी का गप्प? चिझुरूताई, आत या. थंडीत उभ्या कशाला?"

मग मी त्यांच्या हीटरच्या टेबलाखाली पाय घालून बसले. सायोने मंदारिन संत्री ठेवली. भूकंपात तिचा मुलगा महिन्याचा होता. त्याला पाजायला ती व्यायामगृहाच्या सामानखोलीत, उड्या मारायच्या खोक्यांच्या मागे बसायची. तिथे हीटर नव्हता. एकदा कुणीतरी चटया काढायला दार उघडलं, तिला पाहिलं, 'सॉरी' म्हणालं आणि दार उघडंच टाकून पळालं. "मी बाळाला सोडून दार लावायला उठू का तशीच बसू, हेच मला कळेना," ती म्हणाली आणि हसली. हाचियाकाका पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटायचं थांबवलेलं मला ऐकू आलं. हे त्या घरात आजवर कुणी बोललंच नव्हतं, बाई. दोन वर्षं.

मी निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही हो कुणाचा. बाईंनी समजावलं सगळं. त्या दिवशी रांगेत तुझी मिनोरीच होती, आणि पहिल्यांदाच... तेव्हापासून तुझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून तू तसं बोललीस. आई म्हटल्यावर होतंच असं."



मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बैठकीत मी 'एका मुलीला' म्हणाले. तुम्हाला सांगितलं होतं, एकट्या तुम्हाला, व्यायामगृहात, तुम्ही आपल्या स्वेटरने तिची कंबर झाकलीत तेव्हा. मी पहिल्या पत्रातही ते लिहिलं नाही, कारण आपल्या दोघींमध्ये ते लिहायची गरज नाही असं मला वाटत होतं. आणि तुम्ही ते घरोघर वाटलंत. योकानच्या प्रत्येक वडीबरोबर माझी मुलगी.

मला वेड लागलंय असं ठरवून तुम्ही मला वाचवलंत. हेच ना ते?

त्यानंतर घरी जायला हवं होतं, पण रागाने पाय चालत राहिले. अजून दोन घरी गेले. एका ठिकाणी न उघडलेली वडी मिळाली. दुसरीकडे अर्धी, कापलेल्या बाजूला नीट कागद लावलेली. दोन्ही घरांत नवरे होडीवर होते, बायका घरी होत्या, आणि दोन्ही घरांत मला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. बायकांना हसू आवरत नव्हतं. माफी परत मागायला कुणी येतं का! आणि हसून झालं की त्या बोलायला लागत. एकीला अंतर्वस्त्रं वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून ओलीच अंगावर घातली. दुसरी तिन्ही वेळा सगळ्यांसाठी भाताचे गोळे करत राहिली आणि मंडळाच्या कामाच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे 'विश्रांती' लिहिलं होतं.

शेवटी योनेकुरांच्या घरी. अध्यक्ष नव्हते, फुसाएकाकू होत्या. वडी त्यांच्या देवघरात सासऱ्यांच्या फोटोसमोर ठेवली होती, न उघडलेली.

मी माझं वाक्य म्हटलं. तोवर ते मला पाठ झालं होतं.

काकू म्हणाल्या, "बस. मी त्या दिवशी रांगेत तुझ्या पोरीच्या मागेच होते. ब्लँकेट मागायला. 'एक पुरेल ना' हे ऐकलं मी. नवरा माझाच. त्याला मी काय म्हटलं, माहिताय?"

"काय?"

"म्हटलं, 'दोन ब्लँकेटं द्या.'" त्या वडीकडे बघत राहिल्या. "बाई ही घेऊन आल्या तेव्हा हे लगेच हात पुढे करून मोकळे झाले. मला उघडवेना. कशाबद्दलची माफी घ्यायची आम्ही?"

"मग परत द्या."

"अंहं. सभेपर्यंत राहू दे माझ्याकडे. आणि बाकीच्या मिळाल्यात त्याही इथेच ठेव."

"कशाला?"

"तू पुढारी ना? मग विचारू नकोस, ठेव."

परतताना रस्त्यात माझ्या लक्षात आलं आणि मी थांबले. बैठकीआधी ज्या दारांत जायला हवं होतं, त्याच दारांत मी आज जाऊन आले. पण गेले ती भांडायला. शहाणपणाने गेले नाही. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते आहे.

मिनोरीबद्दल तुम्हाला काय म्हणायचं आहे?

चिझुरू


१४ डिसेंबर

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. तीन पत्रांना एक कार्ड. मी ते इथे तसंच उतरवते, म्हणजे तुम्हालाही कळेल ते कसं वाचलं जातं : 'थंडी वाढली आहे, प्रकृतीला जपावे. नातू सुखरूप. समितीची जागा मी स्वीकारत आहे. ती रिकामी राहण्यापेक्षा बरे. मुरोई.'

हवापाणी आहे. नातू आहे. जागा आहे. मिनोरी नाही.

पंधरा वर्षांची मुलगी शाळेत जाते तेव्हा रस्त्यातल्या काकवा तिला हल्ली संत्री देतात. तिला कारण कळत नव्हतं. वस्तीत दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी ते मी सांगायला हवं होतं, म्हणून बसवून सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. चिडली, पण माझ्यावर.

"म्हणजे तू बैठकीत माझं नाव घेतलं नव्हतंस?"

"नाही. कसं घेणार?"

"का? मी काय चोरी केली होती?"

"मिनोरी, ती तुझी खाजगी गोष्ट आहे."

"खाजगी होती तर मला कुणी विचारलं? बाईंनी न विचारता सांगितलं, तू न विचारता लपवलं. दोघी सारख्याच." मग जरा थांबून म्हणाली, "आणि योनेकुराआजोबांना सांग, एक नाही पुरत."

तिने आपल्या दोघींना एका टोपलीत टाकलं, याचाही मला राग आला आहे. आणि तो राग कुणावर काढायचा, तेही ठरत नाही.

जागा स्वीकारू नका, असं मी पुन्हा लिहिणार नाही. तुम्ही शिफारशीत लिहिलंत ना, मी विसरत नाही म्हणून? आता त्याची प्रचीती घ्या.

चिझुरू


२२ डिसेंबर

बाई,

सभा तुम्ही पाहिलीत. तरी लिहिते, कारण तुम्ही पुढे बसला होतात आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. दोन्हीकडून एकच दिसत नाही.

तुम्ही दुपारच्या गाडीने आलात. करड्या किमोनोत. अध्यक्षांनी स्वतः तुम्हाला आपल्या शेजारच्या उशीवर बसवलं. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी कप पुसत राहिले. आत महिला विभाग चहा करत होता. फुसाएकाकू चाकूने काहीतरी काळं, चकचकीत, एकसारख्या जाडीचं कापत होत्या. मी बघितलं आणि माझा हात थांबला.

"पुसत राहा," त्या म्हणाल्या.

चहा फिरला. प्रत्येक कपाशेजारी एक वडी. योनेकुरासानांचा अहवाल वाचून झाला, त्यांनी घोट घेतला, वडी तोंडात टाकली. "वा. ही कुठली?"

फुसाएकाकू ताट बाजूला ठेवून दाराशी गुडघ्यांवर बसल्या. "मुरोई बाईंची. माफीची."

तुम्ही तेव्हा कपाकडे बघितलंत. मी पाहिलं.

"माफीची म्हणजे?"

"घरोघर आली होती ती. चिझुरू परत न्यायला आली होती, पण खाण्याची वस्तू अशी परत फिरवू नये. म्हणून सगळ्यांना वाटली. आता सगळ्यांनी खाल्ली, पोटात गेली, तो विषय संपला. आता पडद्यांचा घ्या."

"अगं, हे काय, भर सभेत..."

"भर सभेतच. घरी काढला होता, तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

हशा पिकला. योनेकुरासान लाल झाले. "ठीक आहे, ठीक आहे. अभ्यास..."

"अभ्यास झाला. आता परीक्षा द्या."

मग हाचियाकाका उठले. ते सभेत बोललेले मी आजवर पाहिले नव्हते. "आमच्या घरी पंधरा दिवस हेच चाललंय," ते म्हणाले. "सूनबाई काय त्या सामानखोलीत बसायच्या, मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हेच वाईट. आता काय ते ठरवा, मला घरात तोंड दाखवू द्या." सायो माझ्या मागून डोकावून म्हणाली, "आणि सामानखोलीला आतून कडी हवी." आतल्या अर्ध्या बायका दारात आल्या होत्या.

मी तेव्हा बोलले. उभी राहिले नाही, जिथे होते तिथेच गुडघ्यांवर बसून बोलले. कोरीनला आवडलं नसतं. अध्यक्षांना म्हटलं, "बैठकीत मी तुमचं बोलणं तुम्हाला आधी न विचारता मांडलं. ते तुमच्या घरी येऊन तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. पण जे सांगितलं ते खरं आहे. ती मुलगी माझी मिनोरी आहे. हे नाव मी तिला विचारून घेते आहे. आणि तिने निरोप दिलाय : एक पुरत नाही."

कुणी हसलं नाही. योनेकुरासाननी नेहमीची चलाखी केली, तुमच्याकडे वळले. "समितीत जागा एकच आहे आणि ती बाईंना दिली आहे. बाई, तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, घाई नको. हळूहळू होईल. चिझुरू भावनेच्या भरात आहे.

तुम्ही तोंडातला घास गिळलात. रुमालाने ओठ टिपलेत. "मला वाटतं, सरकून बसावं लागेल," म्हणालात, आणि आपली उशी भिंतीच्या बाजूला ओढून घेतलीत.

शेजारी एका माणसापुरती चटई मोकळी झाली.

मी गेले आणि बसले. ती चटई गार होती. बाकीचं कागदावर आलं : समितीत दोघी, वसंतातल्या भूकंपाच्या सरावात बायकांच्या वस्तू बायकांच्या हाती, सामानखोलीला कडी. पडद्यांसाठी मात्र 'नगरपालिकेकडे विचारणा'. म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

तुम्ही सरकलात, ते मी पाहिलं. ते मी रोजनिशीतही लिहिलं आहे. पण ती माफी नव्हती, बाई. पडद्यांपुरतं ते सरकणं मी माफी म्हणून मान्य करते. मिनोरीची अजून बाकी आहे.

बाहेर चपलांच्या फळीपाशी तुम्ही माझ्या शेजारी आलात. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही चप्पल पायात सरकवत म्हणालात, "चारही पत्रांत ऋतूचं वाक्य नाही."

"नाही."

"वाचायला त्रास होतो."

इतकंच. आणि गाडी गाठायला गेलात.

मी दोन दिवस धुमसते आहे. ज्या बाईने माझ्या मुलीचं गुपित दारोदार वाटलं, तिला माझ्या पत्रांत एवढंच कमी वाटलं! मग वाटलं, तुम्हाला एवढंच म्हणता आलं असेल. मला खरं काय ते माहीत नाही. माहीत असल्याचा आव आणणार नाही.

पण एक सांगते. आता दर महिन्याला समितीत आपण शेजारी बसणार आहोत. त्याआधी मिनोरीला भेटायला या. ती रविवारी घरी असते. तिच्यासमोर काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. येताना हात हलवत या. जड काही आणू नका.

आणि तुम्हाला हवं होतं ते वाक्य हे घ्या. बंदरावर पहिला बर्फ पडला आहे. होड्या उलट्या करून ठेवल्या आहेत, लिलावाच्या शेडवर पांढरं आहे, शाळेचं छतही पांढरं आहे, आणि त्याखालच्या व्यायामगृहात अजून एकही पडदा नाही.

चिझुरू